कूर्मोऽङ्गानीव : कासव आणि विजी

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८.

कासव जसं आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेतं, तशी ज्याने इंद्रियं विषयांपासून आवरली, त्याची बुद्धी स्थिर झाली, असं भगवंत सांगतात. ही उपमा आपल्याला पाठ आहे. देवळात सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावूनच आपण पुढे जातो. पण खरं कासव? ते कोण नीट बघतं?

एका मुलीने बघितलं. जे. विजया, सगळे तिला विजी म्हणत. भारतातली पहिली महिला सरीसृपशास्त्रज्ञ. कॉलेजात असतानाच ती मद्रासच्या सर्पोद्यानात काम करू लागली. केरळच्या जंगलातल्या एका छोट्या कासवाची शास्त्रात नोंद १९१२ साली झाली, आणि पुढे सत्तर वर्षं ते कुठल्याच अभ्यासकाला दिसलं नाही. १९८२ मध्ये विजीला ते सापडलं, तेही तिथल्या कादर आदिवासींच्या मदतीने. (जंगल ज्यांचं, त्यांनाच विचारायला हवं ना!) त्याच्या अभ्यासासाठी ती काही काळ जंगलातल्या गुहेत राहिली. आजही एकटी मुलगी असं काही करते म्हटलं तर घरी काय होईल, विचार करा.

त्याच सुमारास तिने बंगालच्या किनाऱ्यावर चाललेली समुद्री कासवांची कत्तल फोटोंतून देशासमोर आणली.

इथे मी श्लोकापाशी थांबते. इंद्रियं आवरणं म्हणजे डोळे मिटून घेणं का? मला नाही पटत. ‘विषयांपासून’ हा शब्द आहे तिथे. हाव आवरायची आहे, करुणा नाही. बाराव्या अध्यायात भक्ताचं पहिलंच लक्षण सर्व भूतांचा द्वेष न करणं आणि मैत्री, करुणा हे आहे.

आणि एक गोष्ट मला कासवांबद्दल वाचताना कळली. समुद्री कासवाला डोकं, वल्ह्यासारखे पाय आत घेताच येत नाहीत! संकट आलं की लपायला स्वतःचं घरसुद्धा नाही. मग त्याचं रक्षण दुसऱ्या कुणीतरीच करायचं. आपल्या कोकणात वेळासला गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी जपतात, पिल्लं समुद्रात सोडतात. मी तरी याला सेवाच म्हणेन.

विजी १९८७ मध्ये गेली, अवघी अठ्ठावीस वर्षांची. २००६ मध्ये त्या जंगली कासवाच्या प्रजातीला तिचं नाव मिळालं : विजयाचेलिस. चेलिस म्हणजे ग्रीकमध्ये कासव.

आजची साधना : श्लोक अकरा वेळा म्हणा. आणि ‘वास्तूसाठी शुभ’ म्हणून कुणी घरात जिवंत तारा कासव आणायचं म्हणत असेल, तर त्याला आजच फोन करा. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पितळेचं आणा म्हणावं.

उद्या श्लोक ५९. त्यात ‘रस’ हा शब्द आलाय, तेवढा वाचून या.