अभ्यासासाठी स्कॅन : सही करण्यापूर्वी

कर्करोगाचा रुग्ण नागपूरला मोठ्या रुग्णालयात जातो, तेव्हा कधी कधी त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला जातो. ‘आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे, त्यासाठी तुमचा एक जास्तीचा स्कॅन काढायचा आहे, तुमची संमती हवी.’ मंडळी तो कागद घेऊन पारशिवनीला परततात आणि नेहमीच्या डॉक्टरला दोन प्रश्न विचारतात. ‘आमच्या माणसावर प्रयोग तर करीत नाहीत ना?’ हा पहिला. ‘फुकटात होतो आहे, तर काढून घ्यावा का?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नामागे भीती आहे, दुसऱ्यामागे भाबडी आशा. दोन्ही बाजूला ठेवून हा विषय नीट समजून घेऊ.

अभ्यास कशासाठी?

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय आणि पेट-सीटी ही शरीराच्या आत पाहण्याची साधने आहेत. कोणत्या रोगात कोणते साधन, केव्हा आणि किती वेळा वापरावे, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांची माहिती गोळा करून तुलना करावी लागते.

खर्रा आणि तंबाखूमुळे आपल्या भागाला तोंडाचा कर्करोग नवा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात याच रोगावर मोठा अभ्यास झाला. ज्यांची तोंडातील गाठ लहान होती आणि मानेत काही हाताला लागत नव्हते, असे रुग्ण त्यात होते. प्रश्न दोन होते. मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की पुढे रोग तेथे दिसला तरच? आणि नंतरच्या फेरतपासणीत डॉक्टरांनी हाताने तपासणे पुरेसे आहे, की सोबत मानेची सोनोग्राफीही करावी? कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०१५ मध्ये ५०० रुग्णांच्या माहितीवरून प्रसिद्ध झाले. मानेतील गाठी आधीच काढलेल्यांपैकी ३ वर्षांनंतर ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

दुसरे उदाहरण इंग्लंडकडचे. तेथे ५६४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांचा डोके-मान भागातील कर्करोग मानेतील गाठींत पसरलेला होता आणि त्यांना केमो व शेक दिले जाणार होते. अर्ध्या रुग्णांच्या मानेची शस्त्रक्रिया ठरलेलीच होती. उरलेल्यांचे उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी काढले आणि गरज दिसली तरच शस्त्रक्रिया केली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते, पण पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, तर स्कॅनच्या गटात केवळ ५४. म्हणजे एका स्कॅनमुळे कितीतरी माणसांच्या मानेवरची सुरी टळली. ज्यांनी अभ्यासात नावे दिली, त्यांच्यामुळेच हे कळले.

शरीराला काय होते?

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. एमआरआयचा बोगदा अरुंद असतो आणि आवाज मोठा होतो. हृदयात पेसमेकर किंवा अंगात धातूचा तुकडा, सळई असल्यास आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात. निसर्गातून आपल्या शरीराला जेवढे किरण सुमारे तीन वर्षांत मिळतात, साधारण तेवढे पोटाच्या एका सीटीतून मिळतात. गरजेच्या स्कॅनसाठी हा धोका अल्प आहे, पण जास्तीचा स्कॅन का काढायचा, हे विचारण्याइतका तो नक्कीच आहे. शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर मूत्रपिंडाचा विकार, ॲलर्जी आणि चालू औषधे सांगावीत.

पेट-सीटीपूर्वी साधारण चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. तिचा किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे आणि तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहावे. मधुमेहींची रक्तशर्करा २०० च्या वर असल्यास तपासणी बहुधा पुढे ढकलतात. गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, केंद्रात विचारावे. गरोदरपणाची शंका असलेल्या स्त्रीने कोणत्याही स्कॅनपूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

सही कोणाची?

या विषयातील सर्वांत नाजूक गोष्ट हीच. आपल्याकडे अनेक घरांत रुग्णाला रोगाचे नावच सांगत नाहीत. ‘डॉक्टरसाहेब, बाबांना कॅन्सरचं नाव सांगू नका, सही मी करून देतो,’ असे मुलगा म्हणतो. त्यामागे माया असते, हे मी जाणतो. परंतु अभ्यासाची संमती ही रुग्णाचीच असावी लागते. तो शुद्धीवर आहे आणि आपले बरे-वाईट त्याला कळते, तोपर्यंत मुलगा, जावई किंवा नवरा त्याच्या जागी सही करू शकत नाही. आणि ज्याला आपला रोगच ठाऊक नाही, त्याने दिलेल्या होकाराला काय अर्थ?

म्हणून असा कागद घरात आला की आधी रुग्णाशी बोलावे. जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्यावी. आपण समजतो तितकी वडीलधारी माणसे कच्ची नसतात. पुष्कळांनी मनात ओळखलेले असते आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तीही गप्प बसतात. उघड बोलणे झाल्यावर बाबा ‘नाही’ म्हणाले, तर ते उत्तर मान्य करावे.

लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला माहितीपत्रक त्याच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. तो अंगठा देतो, तेव्हा अभ्यासाशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो.

हे प्रश्न अवश्य विचारा

१) हा स्कॅन माझ्या उपचाराचा भाग आहे, की केवळ अभ्यासाचा? एकूण किती जास्तीचे स्कॅन आणि किती खेपा?

२) खर्च कोणाचा? केवळ अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचा भार रुग्णावर टाकू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळेल का, हेही विचारण्यात संकोच नको.

३) रुग्णालयाच्या नैतिक समितीची मंजुरी आहे का? या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचे जाणकार आणि सामान्य नागरिकही असतात.

४) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत या अभ्यासाची नोंद आहे का? नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

५) स्कॅनचा निकाल मला सांगणार का? त्यात वेगळेच काही आढळले तर पुढे कोण पाहणार?

६) अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार? माझे नाव गुप्त राहील का?

७) मध्येच नाव काढून घेतले तर? याचे उत्तर एकच असू शकते : केव्हाही, कारण न देता नाव काढता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. कोणी वेगळे सांगत असेल तर सही करू नये.

नाव द्यावे का?

अभ्यासातला स्कॅन म्हणजे उपचार नव्हे. त्याने रोग बरा होत नाही. ‘जास्त स्कॅन म्हणजे जास्त काळजी’ हा समजही चुकीचा आहे. फायदा झाला तर तो बहुतेक वेळा पुढच्या रुग्णाला होतो. आज आपल्याला जो उपचार मिळतो, तो मात्र आधीच्या कोणीतरी दिलेल्या होकारामुळेच मिळतो.

प्रकृती बरी असेल, खेपा झेपणार असतील आणि वरील प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली असतील, तर रुग्णाने खुशाल नाव द्यावे. शरीर थकले असेल, सोबत यायला माणूस नसेल किंवा मन मानत नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. नकारात कमीपणा नाही. मात्र सही त्याच दिवशी, त्याच टेबलावर करण्याची घाई करू नये. कागद घरी आणावा, घरात मोठ्याने वाचावा आणि आपल्या डॉक्टरला दाखवावा. सही केल्यावर संमतिपत्राची एक प्रत मागून घेऊन जुन्या रिपोर्टांच्या पिशवीत जपून ठेवावी. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्यावी.