दूरस्थ सर्व्हरवरील कामाचे रक्षण

दूरस्थ सर्व्हरवर काम करणाऱ्यास एक हानी केव्हा ना केव्हा सोसावी लागतेच. दहा तास चालणारे गणित सुरू करून द्यावे, मध्येच जोडणी तुटावी, आणि पुन्हा प्रवेश करून पाहावे तो गणित बंद पडलेले! याचे कारण जुने आहे. युनिक्स प्रणालीच्या आरंभकाळी दूरचे टर्मिनल दूरध्वनीच्या तारेने संगणकास जोडीत. तार सुटली की त्या टर्मिनलवरील आज्ञावलींना थांबण्याचा इशारा जाई. त्यास ‘हँगअप’, म्हणजे फोन खाली ठेवणे, असे नाव पडले. दूरध्वनीची तार गेली, इशारा राहिला.

टर्मिनल मल्टिप्लेक्सर हा यावरील उपाय होय. तो सर्व्हरवरच राहून एक कृत्रिम टर्मिनल निर्माण करतो व आज्ञावली त्यास जोडतो. जोडणी तुटली तर केवळ पाहणारा दुरावतो. काम चालूच राहते. (सर्व्हरच बंद पडला तर मात्र याचाही इलाज चालत नाही.) या वर्गातील ‘स्क्रीन’ 1987 साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात जन्मास आले, निकोलस मॅरियट यांचे ‘टीमक्स’ 2007 सालचे.

तथापि मल्टिप्लेक्सर सुरू करण्याचे विस्मरण नेमके महत्त्वाच्या दिवशी होते. म्हणून प्रवेश होताच तो आपोआप सुरू व्हावा, अशी आज्ञा ‘बॅश’ या शेलच्या ‘बॅशआरसी’ नामक आरंभ-फाईलमध्ये लिहून ठेवतात. टीमक्सच्या ‘न्यू-सेशन’ आज्ञेस कॅपिटल ‘ए’ हा विकल्प व सत्राचे नाव दिले की त्या नावाचे जुने सत्र असल्यास तेच उघडते, नसल्यास नवे निर्माण होते.

आज्ञा एका ओळीची असली तरी तिच्या आधीच्या अटींतच खरे शहाणपण आहे. शेलसमोर माणूस बसला आहे काय, हे प्रथम तपासावे. कारण एससीपीने फाईल पाठवितानाही बॅश ही आरंभ-फाईल वाचतो, आणि तेथे मल्टिप्लेक्सर आडवा आला तर फाईल पोहोचत नाही. दुसरी अट अशी की, ‘टीमक्स’ हे पर्यावरण-चल रिक्त असावे. ते भरलेले असेल तर शेल आधीच टीमक्सच्या आत आहे, असे समजावे.

पुष्कळजण या आज्ञेपूर्वी ‘एक्झेक’ हा शब्द घालतात. त्यामुळे शेलची जागाच टीमक्स घेतो व बाहेर पडताना दोनदा निरोप घ्यावा लागत नाही. सोय आकर्षक, पण धोक्याची. नव्या टर्मिनलचे नाव सर्व्हरच्या नोंदीत नसेल तर टीमक्स सुरू होण्यास नकार देतो. मागे शेल उरलेला नसल्याने प्रवेश मिळताक्षणीच दार बंद होते. त्यापेक्षा टीमक्स यशस्वीपणे संपला तरच शेल बंद करावा, हे बरे. शिवाय बदल करताना जुनी जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या जोडणीने प्रवेश करून पाहावा. इतक्यावरही दार बंद झालेच, तर पहिली अट कामास येते: प्रवेश न करता एसएसएचमार्फत एकच आज्ञा धाडून आरंभ-फाईलचे नाव बदलता येते.