काटा हलता कामा नये

नेत्राणीच्या पाण्यात बारा मीटर खाली गेल्यावर माझा रेग्युलेटर कुरकुर करायला लागला. हवा येत होती, पण छाती ताणून ओढावी लागत होती. हवेच्या दाबाचा काटा पाहिला तर १५० बारवर, म्हणजे टाकीत भरपूर हवा. नजर काट्यावरून न हलवता पुन्हा श्वास घेतला, तसा काटा सर्रकन वीसच्या आसपास घसरला आणि श्वास संपताच परत दीडशेवर जाऊन बसला.

पंजा आडवा हलवून जोडीदाराला गडबडीची खूण केली आणि रेग्युलेटरकडे बोट दाखवलं. त्यानं क्षणात त्याचा जादा रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, माझ्यापुढे धरला. तोवर गाइड माझ्या पाठीमागे पोचला होता. त्यानं माझ्या टाकीचा नॉब चाचपला, फिरवला, फिरवतच राहिला. नॉब जेमतेम उघडा होता.

मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट पुण्या-कोल्हापूरकडच्या डायव्हर मंडळींचं लाडकं. त्या सकाळी मी होडीवर माझी सगळी तपासणी रीतसर केली होती. काटा स्थिर, हवा स्वच्छ, जॅकेट फुगतंय. उडी मारायला काठावर बसल्यावर मदतनीस पोऱ्यानं जाता जाता मागून नॉब ‘एकदा बघून’ घेतला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा, ही जुनी पद्धत. होडी हेलकावत होती, त्याला पुढच्या माणसाची घाई. आधीच उघडा असलेला व्हॉल्व्ह त्यानं उलट्या दिशेनं फिरवून बंद केला आणि मग इमानेइतबारे अर्धा फेरा ‘मागे’ घेतला. तेवढीच फट माझ्या वाट्याला आली. पोऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण पाण्याखाली हेतूला काही किंमत नसते. आता बरेच प्रशिक्षक तो अर्धा फेरा शिकवतच नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अधलंमधलं काही नाही.

मग वर असताना हे कळलं कसं नाही? दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे तेवढ्याच श्वासाला टाकीतून दुप्पट हवा लागते; वीस मीटरवर तिप्पट. तोटी जराशी उघडी असली तरी तांब्या भरतो, हौद भरायला घेतला की खरं काय ते कळतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल तर प्रकार आणखी फसवा. नळीत कोंडलेल्या हवेवर काटा २०० दाखवतो, एक-दोन श्वासही मिळतात आणि मग एकदम काही नाही.

म्हणून नुसता काटा पाहणं ही तपासणीच नव्हे. रेग्युलेटर तोंडात घेऊन चार-पाच मोठे श्वास घ्यायचे आणि त्या वेळी डोळे काट्यावर ठेवायचे. काटा हलता कामा नये. तो थरथरला की व्हॉल्व्ह पुरता उघडा नाही. खाली गेला आणि परत आलाच नाही, तर व्हॉल्व्ह बंद आहे. आणि ही तपासणी शेवटी करायची, उडीच्या अगदी आधी, सगळ्यांचे हात तुमच्या टाकीवरून निघाल्यावर. नंतर कुणी नॉबला हात लावलाच, तर चार श्वास पुन्हा. मागे रांग खोळंबली तरी खोळंबू द्या.

श्वास घेताना हवेची चवही बघा. तिला चव नको, वास नको. तेलकट किंवा धुराचा वास आला तर ती टाकी परत द्या. कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथेच डिझेल इंजिनाचा धूर येत असेल, तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड शिरतो. त्याला स्वतःला वास नसतो, म्हणून सोबतच्या धुराच्या वासावरून सावध व्हायचं. ऑक्टोपसमधूनही दोन श्वास घ्या. तो बिचारा लोंबकळत वाळूतून फरफटत असतो आणि लागतो तेव्हा दुसऱ्याच्या जिवाला लागतो. जॅकेट पूर्ण फुगवून थोडं थांबा. फुगवायचं बटण मिठानं अडकलं असेल तर जॅकेट आपोआप फुगत राहतं आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल एका हातानं सुटतं का, तेही पाहून घ्या.

हे झालं शिकलेल्यांचं. मालवण-तारकर्लीला सुट्टीत जाऊन पंधरा मिनिटं खाली जाणाऱ्यांची टाकी प्रशिक्षकच सांभाळतो. पण काटा दाखवा, असं तुम्ही म्हणू शकता. दमा, सर्दी, कानाचं किंवा हृदयाचं दुखणं, काय असेल ते खरं सांगा. व्हिडिओचे पैसे भरलेत म्हणून लपवू नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका. वर येताना छातीतली हवा फुगते, ती बाहेर पडायला वाट हवी. आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवू नका. डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ ‘झकास’ नसून ‘वर चला’ असतो. प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन येतो आणि मग काठावर हुज्जत सुरू.

होडीवर लाइफ जॅकेट मिळालंच पाहिजे, येताना आणि जाताना. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. ते पाण्याखाली नव्हते, परतीच्या वाटेवर होते.

काटा दाखवायला सांगितल्यावर जो हसून ‘टेन्शन नका घेऊ’ म्हणेल, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. मालवणच्या किनाऱ्यावर दुसरी होडी मिळते.