ई-मेलला छायाचित्रे जोडताना : फाइलींची मांडणी आणि नावांची शिस्त

झाशी येथील भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली. चारा पिकांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे समन्वयन याच संस्थेतून होते. महाराष्ट्रातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व उरुळी कांचन येथील बाएफ ही या प्रकल्पाची केंद्रे आहेत. शेत महाराष्ट्रात आणि तज्ज्ञ शेकडो किलोमीटर दूर, अशा वेळी पिकाची अवस्था, पानांवरील डाग किंवा किडीचे रूप तज्ज्ञांपुढे मांडण्याचे जवळचे साधन म्हणजे ई-मेलला जोडलेले छायाचित्र होय. ते योग्य शेताचे व योग्य दिवसाचे नसेल, तर त्यावर मिळणारा सल्लाही चुकीच्या शेताला लागू होतो.

चुकीची किंमत किती?

चाऱ्याच्या ज्वारीचे उदाहरण घेऊ. कोवळ्या ज्वारीत धुरीन हा घटक अधिक असतो. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊन तीव्र विषबाधा होऊ शकते. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यात हा धोका विशेष असतो. म्हणूनच ज्वारी ५० टक्के फुलोऱ्यात आल्यावर कापावी, अशी शिफारस केली जाते.

समजा, एका विस्तार कार्यकर्त्याच्या संगणकावर दोन शेतांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये आहेत. एक पीक पंचवीस दिवसांचे व ताण बसलेले, तर दुसरे फुलोऱ्यातील आहे. दोन्ही फाइलींची नावे कॅमेऱ्याने दिलेली, लांबलचक अंकांची. प्रश्न पहिल्या शेताविषयी असताना घाईत दुसऱ्या शेताचे छायाचित्र जोडले गेले, तर तज्ज्ञ 'पीक कापणीयोग्य' असे कळवतील. उत्तर त्या छायाचित्रापुरते बरोबर असेल, पण जनावरांपुढे मात्र कोवळी ज्वारी पडेल. ही चूक फाइल निवडण्याच्या क्षणी होते आणि तेथेच ती टाळता येते.

निवड-खिडकीची मांडणी

ई-मेलमधील 'अटॅच' किंवा कागदी टाचणीच्या चिन्हावर टिचकी दिली की फाइल निवडण्याची खिडकी उघडते. तिच्यात फाइली कशा दिसाव्यात हे वापरणाऱ्याला ठरवता येते. विंडोज प्रणालीत खिडकीच्या वरच्या उजव्या भागात मांडणी बदलण्याचे बटण असते. त्यातील दोन प्रकार विशेष उपयोगाचे आहेत.

१) डिटेल्स : फाइली एकाखाली एक ओळींत दिसतात. प्रत्येक ओळीत नाव, तारीख, प्रकार व आकार असतो. तारखेच्या रकान्याच्या शीर्षकावर टिचकी देताच फाइली तारखेनुसार लागतात. पुन्हा टिचकी दिल्यास क्रम उलटा होतो. काल काढलेले छायाचित्र शंभर फाइलींतून शोधण्यासाठी ही मांडणी सर्वांत सोयीची आहे.

२) लार्ज आयकॉन्स : प्रत्येक छायाचित्राची लहान प्रतिमा दिसते. पीक कोणते, अवस्था कोणती, चित्र धूसर आहे का, हे उघडून न पाहता कळते.

आधी डिटेल्स मांडणीत तारखेनुसार क्रम लावावा, त्यानंतर लार्ज आयकॉन्समध्ये चित्र डोळ्यांनी पडताळावे आणि मगच फाइल निवडावी. तारीख व चित्र या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच फाइल योग्य समजावी. खिडकी दुसऱ्या वेळी उघडल्यावर आधीची मांडणी कायम असेलच असे नाही. त्यामुळे क्रमाकडे प्रत्येक वेळी एक नजर टाकावी.

तारखेच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. 'डेट मॉडिफाइड' ही फाइलमध्ये शेवटचा बदल झाल्याची तारीख असते. छायाचित्र कातरले किंवा पुन्हा साठवले की ती बदलते. छायाचित्र प्रत्यक्ष काढल्याची तारीख हवी असल्यास रकान्यांच्या शीर्षकावर उजवी टिचकी देऊन 'डेट टेकन' हा रकाना निवडावा.

हवी असलेली फाइल फोल्डरमध्ये असूनही खिडकीत दिसत नसेल, तर खालच्या उजव्या कोपऱ्यातील यादी पाहावी. तेथे केवळ ठरावीक प्रकारच्या फाइली दाखवण्याची निवड झालेली असू शकते. 'ऑल फाइल्स' निवडल्यास सर्व फाइली दिसू लागतात.

मोबाईलवरून पाठवताना

अँड्रॉइड मोबाईलवर फाइल निवडताना बहुधा प्रथम 'रीसेंट' म्हणजे अलीकडच्या फाइली दिसतात. त्यात कॅमेऱ्याची छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रे आणि स्क्रीनशॉट यांची सरमिसळ असते. अशा वेळी कॅमेऱ्याचे फोल्डर स्वतंत्रपणे उघडावे. यादी किंवा चौकटी अशी मांडणी बदलण्याचे चिन्ह, तसेच तीन ठिपक्यांच्या मेनूत क्रम लावण्याची सोय असते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून आलेली फाइल शक्यतो पुढे पाठवू नये. तिचा आकार घटवलेला असतो, त्यामुळे पानावरील बारीक लक्षणे पुसट होतात. छायाचित्र काढल्याची तारीख व स्थळ यांची फाइलमध्ये दडलेली नोंदही त्यात राहत नाही. शेतकऱ्याकडून छायाचित्र मागवायचेच असेल, तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे. मूळ फाइल तशीच मिळते.

मांडणी पोहोचत नाही, नाव पोहोचते

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घ्यावयास हवी. पाठवणाऱ्याने आपल्या खिडकीत लावलेला क्रम आणि मांडणी त्याच्याच संगणकापुरती असते. घेणाऱ्याला फाइलचे नाव, आकार आणि फार तर एक लहान प्रतिमा दिसते. घेणाऱ्याने फाइल उतरवून घेतली की तिच्यावर बहुधा उतरवल्याच्याच दिवसाची तारीख पडते. ज्या फोल्डरमध्ये ती पाठवणाऱ्याकडे व्यवस्थित ठेवलेली होती, त्या फोल्डरचे नावही सोबत जात नाही. थोडक्यात, मांडणी पाठवणाऱ्याला चुकीपासून वाचवते, तर घेणाऱ्याला वाचवते ते फाइलचे नाव.

म्हणून जोडण्यापूर्वी फाइलला पुढील क्रमाने नाव द्यावे : तारीख, गाव, पीक, शेतकऱ्याचा नोंद क्रमांक आणि छायाचित्राचा क्रमांक. उदाहरणार्थ, '२०२५-०७-१२-राहुरी-ज्वारी-शेत१४-०२'. त्यासंबंधी पुढील नियम पाळावेत.

• तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. असे केल्यास नावानुसार क्रम लावला, तरी फाइली आपोआप तारखेनुसार लागतात.

• २ ऐवजी ०२ असे लिहावे. काही प्रणाली १० हा अंक २ च्या आधी लावतात. शून्य लावल्याने हा घोळ टळतो.

• नाव रोमन लिपीत व रोमन अंकांत ठेवावे. आजच्या बहुतेक प्रणाली देवनागरी नावे नीट दाखवतात, तथापि काही जुन्या प्रणालींत त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात.

• नावाच्या शेवटी असलेला जेपीजी किंवा पीडीएफ हा प्रकारदर्शक भाग बदलू नये. तो दिसत नसेल, तर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करावे. ही सोय सुरक्षिततेसाठीही उपयुक्त आहे. वरकरणी पीडीएफ भासणाऱ्या, पण शेवटी 'ईएक्सई' असलेल्या फाइली ओळखता येतात. अनोळखी व्यक्तीकडून आलेली अशी फाइल उघडू नये.

आकार आणि जागा

जीमेलमध्ये एका ई-मेलला एकूण २५ एमबीपर्यंतच्या फाइली जोडता येतात. त्याहून मोठ्या फाइलींचा गूगल ड्राइव्हवरील दुवा पाठवला जातो. ई-मेलमधून जाताना फाइलचे अक्षरसंकेतांत रूपांतर होते व तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाऊ नये. डिटेल्स मांडणीतील आकाराचा रकाना येथे कामी येतो. वीस छायाचित्रांपेक्षा नेमकी चार अधिक उपयोगी ठरतात : संपूर्ण शेत, एक पूर्ण झाड, बाधित भाग आणि त्याचे जवळून घेतलेले चित्र.

छायाचित्र मजकुराच्या मध्ये चिकटवू नये. तसे केल्यास घेणाऱ्याला ते वेगळे काढून नोंदीत ठेवणे अवघड जाते आणि अनेकदा मूळ नावही हरवते. ते अटॅचमेंट म्हणूनच जोडावे. मजकुरात मात्र पेरणीची तारीख, वाण, शेवटचे पाणी कधी दिले आणि कोणते छायाचित्र कशाचे आहे, हे फाइलच्या नावासह लिहावे.

पाठवण्यापूर्वीची पडताळणी

'सेंड' दाबण्याआधी जोडलेली प्रत्येक फाइल ई-मेलमधूनच एकदा उघडून पाहावी. नावातील शेत क्रमांक व मजकुरातील शेत क्रमांक जुळतो का, हे तपासावे. या कामास मिनिटभर पुरते. त्या मिनिटाने दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला योग्य शेतापर्यंत पोहोचतो आणि गोठ्यातील जनावरापुढे योग्य चारा पडतो.