बॉक्सिंगमध्ये करिअर? आधी हॉर्न सरांची कारकीर्द वाचा

मुलगा जिल्हा स्पर्धेतून मेडल घेऊन आला की घरात दोन प्रश्न उठतात. यावर पोट भरेल का? आणि डोक्याला मार बसला तर? दोन्ही रास्त आहेत. ‘आधी बारावी कर, मग बघू’ म्हणून ते टाळण्यापेक्षा एका माणसाची वाटचाल नीट पाहू.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचा जेफ हॉर्न, जन्म १९८८. शाळेत पोरं दादागिरी करायची, म्हणून स्वसंरक्षण शिकायला तो प्रशिक्षक ग्लेन रश्टन यांच्याकडे गेला, तेही विशीच्या उंबरठ्यावर. आपल्याकडे या वयाला ‘आता काय उपयोग’ म्हणतात. २०१२ मध्ये तो लंडन ऑलिम्पिकमध्ये होता. उपांत्यपूर्व फेरीत युक्रेनच्या डेनिस बेरिंचिककडून हरला. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं. म्हणजे पदक एका लढतीवर राहिलं.

२०१३ मध्ये तो व्यावसायिक झाला. पालकांनी इथे जरा थांबावं. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. निवड संघटना करते आणि मोठ्या स्पर्धेत काही दिवसांत चार-पाच लढती होतात. व्यावसायिक रिंगमध्ये सुरुवात चार-सहा फेऱ्यांनी होते आणि जागतिक विजेतेपदाला बारा लागतात. लढत प्रमोटर ठरवतो, मानधनातून मॅनेजर-प्रशिक्षकांचा वाटा जातो, आणि लढत नाही तर पैसा नाही. अशा बेभरवशाच्या सुरुवातीच्या काळात हॉर्न शाळेत शिकवतही होता. मला त्याच्या ठोशांपेक्षा हा हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो.

२ जुलै २०१७ रोजी ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमवर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने दिग्गज बॉक्सर मॅनी पॅकियाओला गुणांवर हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचं वेल्टरवेट गटाचं विजेतेपद मिळवलं. नवव्या फेरीत त्याची अवस्था अशी होती की रेफरी लढत थांबवण्याच्या बेतात होते. निकालावर वाद झाला, पण निकाल कायम राहिला. वर्षभरात लास वेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने त्याला हरवून विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. २०२० मध्ये टिम झूविरुद्ध आठव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी लढत सोडली आणि २०२१ मध्ये तो निवृत्त झाला. व्यावसायिक कारकीर्द जेमतेम आठ वर्षांची, जगज्जेतेपद एका वर्षाहून कमी.

आता आपल्याकडचं. आपल्या मुलांना नोकरीचा आधार मिळतो तो प्रामुख्याने हौशी खेळातून: रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांतली खेळाडू भरती, शिवाय महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. पुण्यात सेनेची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. त्यामुळे व्यावसायिक होण्याची घाई नको. पदवी पूर्ण होऊ द्या आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. भरतीच्या वेळी त्याची पडताळणी होते आणि अधिकृत नसलेल्या स्पर्धेचा कागद कामाला येत नाही. आपला बॉक्सर विजेंदर सिंग यानेही घाई केली नाही; ऑलिम्पिक पदक मिळाल्यावर सात वर्षांनी, २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला.

राहिला माराचा प्रश्न. जिममध्ये प्रवेश घेण्याआधी कोचला सरळ विचारा: स्पारिंग (सरावाची लढत) आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वजनाच्या मुलाशी, आणि डोक्याला जोरात लागलं तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत मुलाला रिंगबाहेर ठेवता का? ‘एवढ्याने काही होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी जिम बघा.