विलायतेतील विद्यापीठात रुळताना

प्रास्ताविक

परदेशी विद्यापीठात शिकावयास जाणे ही गोष्ट खानदेशातील विद्यार्थ्यास आता पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाही. कोणी पदवीसाठी जातो, तर कोणी दोन विद्यापीठांतील करारान्वये एखाद्या सत्रापुरता किंवा वर्षापुरता विनिमय विद्यार्थी म्हणून जातो. प्रवेशपत्र, पासपोर्ट, व्हिसा यांची खटपट कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तेथे पोहोचल्यावर रुळावयाचे कसे, आणि मुळात रुळणे म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात इंग्लंडमध्ये शिकलेल्या तीन महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तीन विद्यार्थी

पहिल्या रखमाबाई. बालपणी झालेल्या विवाहातील पतीने १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. पतीकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल १८८७ साली लागला. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना मार्ग दाखविला. इंग्लंडात मॅक्लरेन दांपत्याने पाठीशी उभे राहून साहाय्य केले. १८९४ साली ब्रुसेल्सची एम. डी. पदवी घेऊन त्या परतल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. मायदेशी ज्यांच्या नावाची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली होती, त्या तरुण स्त्रीस परक्या शहरात पहिला आधार मिळाला तो माणसांचा.

दुसरे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळील मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेला हा विद्यार्थी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत त्याने पहिला क्रमांक मिळविला आणि ‘सीनियर रँग्लर’ झालेला तो पहिला भारतीय ठरला. केंब्रिजने त्यास शिखरावर नेले हे खरे. पण पाया पुण्यातच घातला गेला होता. विषयावर पकड असली की परके शहर निम्मे ओळखीचे होते, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने पाहू.

आंबेडकरांचे लंडन

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून १९१६ साली आंबेडकर लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी त्यांनी पदरात पाडून घेतली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांची त्यात भर पडली, तेव्हा कोठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. बुद्धी तीच, विद्यार्थी तोच. मध्ये तीन वर्षे गेली ती केवळ पैशामुळे. रुळण्याच्या गोष्टी करताना हे विसरता येणार नाही.

या दुसऱ्या खेपेतील दिनक्रम धनंजय कीर यांच्या चरित्रात वाचावयास मिळतो. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर पेय एवढ्यावर बाहेर पडावयाचे, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसावयाचे आणि रात्री भुकेला पापडाचा आधार द्यावयाचा. लंडनच्या नाटकगृहांशी किंवा हॉटेलांशी त्यांचा परिचय झाला असेल-नसेल; ग्रंथालयातील टेबलाशी मात्र झाला. १९२१ साली त्यांना एम. एस्‌सी. मिळाली. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्‌सी. चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. १९२३ मध्ये मुंबईहून सुधारित प्रबंध पाठविण्यात आला आणि त्याच वर्षी तो मान्य होऊन प्रसिद्धही झाला.

येथे एक गोष्ट आपण विशेष लक्षात घेतली पाहिजे. या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती आंबेडकरांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आणि त्याच प्रस्तावनेत विद्यार्थ्याच्या काही निष्कर्षांशी आपण सहमत नसल्याचेही त्यांनी नोंदविले. गुरूला न पटणारे मत विद्यार्थ्याने पुराव्यानिशी मांडावे आणि गुरूने ते मत न पटूनही त्याच्या ग्रंथाचे स्वागत करावे, ही तेथील विद्यापीठीय जीवनाची खरी रीत होय.

आजची रीत

आज इंग्लंडात गेलेल्या विद्यार्थ्यास हीच रीत प्रथम बुचकळ्यात टाकते. आठवड्यातील तासिका थोड्या असतात, म्हणून आरंभी वाटते की येथे आरामच आहे. पण प्रत्येक विषयाबरोबर वाचनाची लांबलचक यादी हाती येते. व्याख्यानानंतर दहा-पंधरा जणांचा चर्चावर्ग भरतो आणि तेथे वाचून आलेल्याने बोलावे अशी अपेक्षा असते. गप्प बसणे हा आपल्याकडे विनय समजला जातो. तेथे त्याचा अर्थ ‘वाचून आलेला नाही’ असा घेतला जाण्याचा संभव असतो. प्राध्यापकांस नावाने हाक मारण्याचा प्रघात आहे. ‘सर’ म्हणावयाची सवय असलेल्या आपल्या जिभेला तो जड जातो, परंतु त्यात अनादर नसतो.

गुणांचेही तसेच. पदवीच्या वर्गात सामान्यतः ४० गुणांना उत्तीर्ण आणि ७० गुणांना प्रथम श्रेणी. येथे ऐंशी टक्के मिळविणाऱ्यास तेथे ६२ गुण पडले म्हणजे तो खचून जातो. वास्तविक ते चांगले गुण असतात. दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न देता निबंधात घालणे हा तेथे गंभीर अपराध मानला जातो. गाईडमधील उत्तर पाठ करून लिहिण्यात ज्याचा हात बसला आहे, त्याने ही सवय विमानात बसण्यापूर्वीच सोडावी.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करतानाच आरोग्यसेवेचा अधिभार भरलेला असतो. तेव्हा आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवावे. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते. ही मर्यादा ओलांडल्यास व्हिसाच धोक्यात येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेपाच तासांचे होते. डिसेंबरात लंडनला चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. जळगावच्या उन्हात वाढलेल्या मुलामुलींना थंडीपेक्षा हा अंधारच अधिक उदास करतो. त्या दिवसांत खोलीत एकटे बसू नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इतर शहरांतही आपली माणसे भेटतात. मात्र केवळ आपल्याच माणसांत राहिले तर चर्चावर्गात तोंड उघडण्याचे धैर्य येत नाही, हेही तितकेच खरे.

खानदेशी विद्यार्थ्याची तयारी

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात इंग्रजीची भीती असते. पण शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या मुलीचा विचार करा. घरी ती अहिराणी बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते, महाविद्यालयासाठी धुळ्याला किंवा जळगावला येऊन वसतिगृहात राहते. परक्या बोलीत, परक्या ताटावर, अनोळखी मुलींबरोबर रुळण्याचा एक अभ्यासक्रम तिने येथेच पुरा केलेला असतो. इंग्लंड हा त्याचा पुढील भाग होय.

राहिली ती एकट्याने वाचण्याची आणि आपले मत पुराव्यानिशी मांडण्याची सवय. तिच्यासाठी पासपोर्ट लागत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, अमळनेरला १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आहे, आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे. आठवड्यातून एक दुपार परीक्षेत न येणाऱ्या पुस्तकाला द्यावी, त्यावर दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि ती प्राध्यापकांस दाखवावी. प्राध्यापकांसही नम्र विनंती की, वर्गात एखाद्याने विरोधी मत मांडले तर त्यास खाली बसवू नये.

पैशाचा प्रश्न मात्र सवयीने सुटणारा नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या व काही अन्य वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांचे नियम आणि मुदती पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच पाहाव्यात. ज्या राजाने १९२० साली एका विद्यार्थ्याला लंडनला परत जाण्यास हात दिला, त्याच्याच नावाने ही दुसरी शिष्यवृत्ती चालते, याचे स्मरण ठेवावे.

समारोप

रुळणे म्हणजे साहेबासारखे होणे नव्हे. आपले काम तेथील रीतीने, पण आपल्या बुद्धीने करता येणे म्हणजे रुळणे. रखमाबाईंना माणसांचा, परांजप्यांना विषयाचा आणि आंबेडकरांना ग्रंथालयाचा आधार मिळाला. आणि तिघांनीही तेथे मिळविलेले ज्ञान येथे आणून वापरले. ३१ जुलै १९३७ रोजी वकिलीच्या कामासाठी धुळ्यास आलेले बॅरिस्टर आंबेडकर लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. तेथे आजही दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक जमतात. लंडनमधील अर्धपोटी अभ्यासाचे फळ असे आपल्या खानदेशच्या दारापर्यंत आले होते. जो विद्यार्थी उद्या जाईल, त्याने जाताना एवढे ध्यानात ठेवावे.