छाटणीच्या दिवशी फुलोऱ्यातला पाऊस कळेल का?

प्रश्न : आमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होते. पुढे फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी रोग येतो, घड कुजतात. यंत्रं एवढी सुधारली, तरी तो पाऊस छाटणीआधी कुणी सांगत नाही. माणसाला हे कधीच कळणार नाही का? आणि ‘60 टक्के शक्यता’ सांगूनही पाऊस पडला नाही, तर ते खोटंच ना?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : छाटणीपासून फुलोरा महिना-सव्वा महिना लांब असतो. इतक्या पुढच्या ठरावीक दिवशी तुमच्या शिवारात पाऊस येईल की नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही, आणि बहुधा पुढेही येणार नाही.

आपल्या न कळण्याचे दोन प्रकार आहेत. एक साधनं तोकडी असल्यामुळे. ते हटत जातं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 2025 पासून वापरात आली; ती सहा किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज काढते. अर्थात एका चौकोनात कितीतरी बागा येतात, आणि एका बागेत कोसळणारी सर कधी शेजारच्या बागेत थेंबही देत नाही, हे तुम्ही पाहताच.

दुसरा प्रकार हवेच्या स्वभावातच आहे. 1961 साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित करत होते. जुनं गणित पुन्हा चालवताना त्यांनी 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जुळली, पण गणितातले काही आठवडे सरल्यावर दोन्हींतलं हवामान पार वेगळं झालं. मोजणीत राहिलेली बारीकशी चूक वाढत वाढत सगळा अंदाज गिळते. जगातल्या प्रत्येक वाऱ्याची अचूक मोजणी अशक्य आहे, म्हणून एकेका दिवसाच्या अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवडे मानतात. मला ही विज्ञानाची हार वाटत नाही. आपलं ज्ञान कुठवर जातं हे गणिताने दाखवणं, हेही मोठंच ज्ञान आहे.

मग हवामान विभाग एप्रिलमध्येच मान्सूनचा अंदाज कसा देतो? तो चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो, एका दिवसाचा नव्हे. समुद्राचं तापमान सावकाश बदलतं, त्यावरून हंगामाचा कल कळू शकतो. हा प्रयत्न आपल्याकडे 1886 पासून चालू आहे.

आता खरं-खोटं. ‘उद्या पाऊस पडेल’ हे विधान उद्याच्या दिवसाने खरं किंवा खोटं ठरतं. ‘60 टक्के शक्यता’ हे एका दिवसाने ठरत नाही. ज्या शंभर दिवशी असं सांगितलं, त्यांतल्या साठेक दिवशी पाऊस झाला, तर सांगणारा खरा. तीसच दिवशी झाला, तर त्याला जाब विचारा. उलट छाटणीच्या दिवशीच जो फुलोऱ्यातल्या पावसाची तारीख छातीठोक सांगतो, त्याचं एखाद्या वर्षी जुळलं तरी विश्वास ठेवू नका. त्याला ते कळायला मार्गच नव्हता.

म्हणून छाटणीची तारीख ठरवताना गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आपल्या महसूल मंडळाचा पाऊस बघा. रोजचा अंदाज फवारणीपुरता धरा. बागेत पर्जन्यमापक लावा, आणि अंदाजात सांगितलेली टक्केवारी व प्रत्यक्ष पडलेला पाऊस एका वहीत शेजारी शेजारी लिहीत चला. कुणाच्या अंदाजावर किती विसंबायचं, ते दोन-तीन हंगामांत तुम्हीच ठरवू शकाल.